कोरडी सीडी

"गुरुजी, हिच्यात पाणी हाय," नंदाबाई म्हणाल्या.

मी बटण दाबून सीडी थांबवली. शनिवारची सकाळची शाळा सुटून अर्धा तास झाला होता. तिसरीच्या वर्गात आम्ही तिघंच होतो. मी, नंदाबाई, आणि दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिलेला त्यांचा नवरा बबन खरमाटे. मी सीडी बाहेर काढली, तिची चकाकती बाजू खिडकीच्या उजेडात धरली. थेंब काही दिसला नाही. तरी रुमालाने पुसली आणि पुन्हा आत सरकवली.

"तसं न्हवं," त्या म्हणाल्या. "सीडीवर न्हाई. आवाजात. पोरगी पाण्यातनं बोलतीया."

बबनने तोंड फिरवून मैदानाकडे पाहिलं.

ही गोष्ट दोन हजार तीन सालची. तासगावपासून आत, कालव्याच्या कडेला असलेल्या गावात मी तेव्हा प्राथमिक शाळेवर शिक्षक होतो. माझी एक जुनी सवय होती. वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि फेब्रुवारीत, वर्गातल्या प्रत्येक मुलाचे पाढे मी टेपरेकॉर्डरवर भरून घ्यायचो आणि त्यालाच ऐकवायचो. मुलाला त्याची चूक मी सांगितली तर ती माझ्याकडेच राहते. त्याने स्वतःच्या कानाने ऐकली की ती त्याची होते. अशा बत्तीस कॅसेटी कपाटात साठल्या होत्या. प्रत्येकीवर वर्ष आणि इयत्ता लिहिलेली.

रेश्मा खरमाटे ही नंदाबाईंची मुलगी. तिसरीत होती. फेब्रुवारीत तिने सतराचा पाढा म्हटला, तेव्हा तिचे वरचे दोन दात पडलेले होते. त्यामुळे प्रत्येक सतराला एक बारीकशी शिट्टी वाजायची. वर्ग हसत होता आणि तीही हसत होती. सतरा सक एकशे दोनपर्यंत ती नीट आली, सतरा साते म्हणाली आणि अडली. मग "थांबा गुरुजी, थांबा की," असं म्हणून खुदकन हसली आणि पुन्हा सतरा एके सतरापासून सुरू झाली. दोन-सव्वादोन मिनिटांचं ते सगळं.

मार्चमध्ये ती आईबरोबर धुणं धुवायला कालव्यावर गेली होती. नंदाबाई गोधडी पिळत होत्या. त्यांनी मान वर केली तेव्हा पायरीवर फक्त साबणाची वडी होती.

त्या घरात रेश्माचा एकच फोटो होता, तोही शाळेच्या गटाचा. तिचा आवाज मात्र माझ्या कपाटात होता. दहावं-तेरावं झाल्यावर नंदाबाई एका शनिवारी आल्या आणि बाकावर बसल्या. मी कॅसेट लावली. त्यानंतर त्या दर शनिवारी यायच्या. दोनदा ऐकायच्या, पदर सारखा करायच्या आणि जायच्या. एकदा रेकॉर्डरने फीत खाल्ली. चाकात अडकलेली ती फीत सोडवून, कॅसेटच्या भोकात पेन्सिल घालून मी ती हळूहळू गुंडाळत होतो, तेव्हा त्या माझ्या हातांकडे अशा पाहत होत्या की मला पेन्सिल धरवेना. त्याच आठवड्यात मी ठरवलं, हे सगळं सीडीवर घ्यायचं. रेकॉर्डर तसाही म्हातारा झाला होता, आणि झालंही तसंच, पुढच्या महिनाभरात त्याने मानच टाकली.

तासगावात विलास तोडकरचं दुकान होतं. लग्नाच्या कॅसेटी, सीड्या, शूटिंग असं सगळं तो करायचा. माझाच विद्यार्थी. मी पिशवी टेबलावर ठेवली तेव्हा म्हणाला, "गुरुजी, लोक गाणी भरून न्यायला येतात. तुम्ही पाढे घेऊन आलात."

मी त्याला म्हटलं, सगळं एका सीडीत बसव. बत्तीस कॅसेटींची ओझी कशाला. एका सीडीत बसलं तर मुलांना दाखवायलाही बरं, की बघा, बत्तीस वर्ग एका थाळीत. त्याने दोन महिने लावले, पण बसवलं. वर म्हणाला, अजून जागा उरली आहे, पुढच्या पिढीचे पाढे आणा. ग्रामपंचायतीने शाळेला नवा सीडी प्लेअर दिलाच होता. मी मोठ्या आनंदाने नंदाबाईंना निरोप पाठवला.

आणि आता त्या म्हणत होत्या, हिच्यात पाणी आहे.

मी पुन्हा लावली. कान प्लेअरला जवळजवळ टेकवून ऐकलं. रेश्माच बोलत होती. उलट कॅसेटची खरखर गेल्यामुळे मला तर ती जास्तच स्वच्छ वाटत होती. तसं मी सांगितलंही.

"खरखर गेली," नंदाबाई म्हणाल्या. "पण तिचा स बघा. तिचा स शिट्टीवानी यायचा. हितं पाण्यात हात घालून ढवळल्यागत येतोय. सतरा म्हटलं की पाणी, सतरा म्हटलं की पाणी."

मी बबनकडे पाहिलं. त्याने बोट स्वतःच्या कपाळाला लावून हळूच फिरवलं. बायकोला दिसणार नाही अशा बेताने.

दुसऱ्या दिवशी रविवार असूनही तो माझ्या घरी आला. ओट्यावर बसला आणि पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला. मग सांगायला लागला. नंदा जेवत नाही. भांडी घासता घासता हात थांबवून बसते. म्हणते, आधी कॅसेटमध्ये पोरगी कोरडी होती, आता पाण्यात आहे, तिला बाहेर काढा. त्याच्या आईने तर भगताला सांगावा धाडला होता. अमावस्येला बसवायचं ठरलं होतं. "आता भगत काय करंल ते तुमाला ठावं हाय, गुरुजी. केस धरून फटके देतो त्यो. मी नको म्हनलं तर आय माझ्यावरच उठती. तुमचं ऐकत्यात सगळी. तुमी कायतरी करा."

भगताचं नाव निघाल्यावर मी ताठ बसलो. तीस वर्षं मी त्या गावात विज्ञान शिकवलं होतं. भुताला भ्यायचं नाही, तपासून बघायचं, हे मी पोरांना शिकवत आलो होतो. मी बबनला म्हटलं, येत्या शनिवारी दोघंही या. मारहाण नाही, अंगारा नाही. आपण एक प्रयोग करू. त्यांना खरोखर काही ऐकू येत असेल तर ते प्रयोगात दिसेल. येत नसेल तर त्यांचं त्यांनाच कळेल, आणि स्वतःला कळलेलं माणूस मानतो.

प्रयोगाची मांडणी मी दोन दिवस करत होतो. कॅसेट आणि सीडी समोरासमोर लावून उपयोग नव्हता. रेकॉर्डर मेलेला, आणि कुणाचा मागून आणला असता तरी कॅसेटची खरखर ऐकूनच कुणीही ओळखलं असतं, ही कॅसेट. ती परीक्षाच झाली नसती. म्हणून मी विलासला विचारलं, की तू बत्तीस कॅसेटी एका सीडीत घातल्यास म्हणजे आवाज दाबूनच घातला असशील ना? तो म्हणाला, हो, दाबल्याशिवाय, म्हणजे आवाजातलं थोडं गाळल्याशिवाय, बसणारच नाहीत. मग मी त्याला सांगितलं, फक्त त्या एका कॅसेटची दुसरी सीडी कर. न दाबता, जशीच्या तशी. त्याच्याकडे लग्नसराईची गर्दी होती. हो हो म्हणाला, कॅसेट ठेवून घेतली आणि गुरुवारी एसटीच्या कंडक्टरबरोबर सीडी आणि कॅसेट दोन्ही पाठवून दिली.

आता माझ्याकडे दोन सीड्या होत्या. दिसायला सारख्या, दोन्हींत खरखर सारखीच कमी. एकीत आवाज दाबलेला, दुसरीत न दाबलेला. पाणी असलंच तर ते दाबण्यातून आलेलं असणार. म्हणजे एकीत असेल आणि दुसरीत नसेल. मला स्वतःच्या मांडणीचं कौतुक वाटलं होतं, हे आज कबूल करतो.

शनिवारी मी नंदाबाईंना प्लेअरकडे पाठ करून बसवलं. एका डब्यात दहा चिठ्ठ्या टाकल्या, पाच एकीच्या, पाच दुसरीच्या. चिठ्ठी निघेल तशी सीडी लावायची. लागोपाठ तीच निघाली तरी बाहेर काढून पुन्हा घालायची, म्हणजे खटक्यावरून अंदाज बांधता येणार नाही. बबनला फळ्याजवळ उभं करून खडू दिला. नंदाबाईंना मी सगळं समजावून सांगितलं, पहिलीच्या पोराला सांगावं तसं. दोन सीड्या आहेत. एक ओली, एक कोरडी असं समजा. पाणी ऐकू आलं तर पाणी म्हणायचं. नाही आलं तर कोरडं म्हणायचं. घाई नाही.

"कोरडी बी हाय?" त्यांनी विचारलं.

"आहे."

त्यांनी पदर दोन्ही कानांमागे खोचला.

पहिली चिठ्ठी निघाली. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस.

"पाणी."

बबनने फळ्यावर प लिहिला. दुसरी. पाणी. तिसरी. पाणी. चौथीला त्या थोडं थांबल्या, मान तिरकी केली, आणि पाणी म्हणाल्या. मी चिठ्ठ्या बघत होतो. तिसरी आणि चौथी न दाबलेलीच होती. पाचवी, पाणी. सहावी, पाणी. फळ्यावरच्या प च्या ओळीकडे पाहून बबनचा खडू मंदावला. सातवी न दाबलेली निघाली. रेश्मा सतरा सातेला अडली, थांबा गुरुजी, थांबा की म्हणाली, हसली.

नंदाबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या, "गुरुजी, आता एकडाव कोरडी लावा की."

मी हातातली चिठ्ठी पाहिली. कोरडीच तर लावली होती. माझ्या ओठांवर हसू आलं. कीव केल्यावर येतं तसं. त्या पाठमोऱ्या होत्या, त्यांना ते दिसलं नाही. बबनला दिसलं.

दहाच्या दहा वेळा त्या पाणी म्हणाल्या.

मी त्यांना वळायला सांगितलं. चिठ्ठ्या बाकावर मांडल्या आणि दाखवलं, बघा, या पाच वेळा दुसरी सीडी होती. यात काहीही दाबलेलं नाही. तुम्हाला खरोखर फरक ऐकू येत असता तर इथे तुम्ही कोरडं म्हणाला असता. निदान दोनदा तरी. त्या चिठ्ठ्यांकडे बघत होत्या. त्यांना अक्षरं वाचता येत होती, जेमतेम.

"मग दोन्हीत पाणी आसंल," त्या म्हणाल्या.

"तसं होऊ शकत नाही, नंदाबाई. म्हणून तर दोन केल्या."

"झालं का समाधान?" बबन खडू खाली ठेवत म्हणाला. आवाजात राग नव्हता, सुटका होती. "आता तरी गप ऱ्हा."

मी त्यांच्या समोरच्या बाकावर बसलो. मुलाला गणित चुकल्यावर मी ज्या आवाजात बोलायचो, त्याच आवाजात बोललो. "सीडीत पाणी नाही. पाणी तुमच्या मनात आहे. ते तिथे असणारच, तुमचा दोष नाही. हळूहळू ओसरेल."

त्यांनी कानांमागचा पदर सोडला.

"तुमी म्हनता तर आसंल," त्या म्हणाल्या.

मी त्यांना दोन्ही सीड्या देऊ केल्या. त्यांनी एकच घेतली. कुठली ते पाहिलं नाही. बबनने आपल्या आईला सांगितलं की गुरुजींनी तपासलं, भूत नाही, मन आहे. भगत आला नाही. गावात माझी वाहवा झाली. नंदाबाई त्यानंतर शनिवारी कधी आल्या नाहीत, आणि मी ते बरं होण्याचं लक्षण समजलो.

पुढच्या वर्षी शाळेत संगणक आला. त्याला जागा हवी म्हणून कपाट रिकामं केलं. कॅसेटी निघाल्या. त्या दिवसांत आमच्या परसबागेतली मेथी साळुंक्या उपटून टाकत होत्या. सगळे पाढे सीडीत होतेच. मी मुलांना हाताशी धरलं, कॅसेटी फोडायला लावल्या, आणि वाफ्यांवर या काठीपासून त्या काठीपर्यंत फिती ताणून बांधल्या. आमच्याकडे ज्वारीच्या रानातही अशा फिती बांधतात. वाऱ्यावर त्या चमकतात आणि आवाज करतात, पाखरं बिचकतात. मी तिथेच धडा घेतला. फीत का वाजते, ताण वाढवला तर आवाज का चढतो. एक पोरगी फितीला कान लावून म्हणाली, गुरुजी, शिट्टी मारतीया. मी म्हटलं, शाब्बास, नीट ऐकलंस.

दोन पावसाळ्यांत त्या फिती तुटून मातीत गेल्या.

ऐंशीच्या जवळ आल्यावर मला ऐकायला कमी येऊ लागलं. ओसरीवर पाच-सहा मुलं अजून पाढे शिकायला येतात. त्यातल्या एकाला मी सात म्हण म्हणून तीनदा दटावलं आणि तो बिचारा तीनही वेळा सातच म्हणत होता. मुलाने सांगलीला नेलं, कान तपासायला. तिथल्या बाईंनी काचेच्या खोलीत बसवून आवाज ऐकवले आणि कागदावरची एक उतरती रेघ दाखवली. म्हणाल्या, जाड आवाज तुमचे शाबूत आहेत, आजोबा. गेलेत ते बारीक. स, श, शिट्टी, पाखरं. मी विचारलं, कधी गेले असतील? त्या म्हणाल्या, हे एका दिवसात जात नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच जायला लागले असतील. माणसाला कळत नाही. बाकीचं ऐकू येतं, तेवढं मन भरून घेतं.

यंत्र कानात घालून मी बाहेर आलो आणि शिपायाने दुसऱ्या कुणाला तरी म्हटलं, "सावकाश, सांभाळून." ते दोन स मी जिन्यातच उभा राहून ऐकले.

परतताना मुलाला मी तासगावात गाडी थांबवायला लावली. विलासचं दुकान आता मोबाइलचं आहे. त्याने खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला. मी विचारलं, खरमाट्यांच्या पोरीची ती दुसरी सीडी आठवते का, न दाबलेली? त्याला आठवायला वेळ लागला. मग हसला.

"गुरुजी, आता सांगायला हरकत नाही. ती दाबलेलीतनंच काढली होती. मूळ सगळं मी पुसलेलं, संगणकात जागा कुठं असायची तेव्हा. कॅसेट परत तासभर चालवायची म्हणजे लग्नाचं काम अडणार. म्हटलं पाढेच आहेत, कोणाला काय कळतंय. दाबलेलीच गाण्याच्या सीडीसारखी लिहून दिली. आवाज तोच राहतो ना. एकदा दाबताना गेलेलं काय परत येतं?"

"पाण्यासारखं काही होतं का रे त्यात?"

"म्हणजे काय. बत्तीस कॅसेटी कोंबल्यावर होणारच की. स, श बोलले की बुडबुडल्यागत यायचं. तुम्हाला नव्हतं जाणवलं?"

चहा आला. मी तो प्यायलो असेन.

नंदाबाई आता गावाबाहेरच्या बेदाण्याच्या शेडवर काम करतात. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा त्या एकट्याच सुपात बेदाणे निवडत बसल्या होत्या. बाकीच्या बाया जेवायला गेल्या होत्या. केस पांढरे झालेत. बबन चार वर्षांपूर्वी गेला. त्यांनी गोणपाट झटकून मला बसायला दिलं.

मी सगळं सांगितलं. विलासने काय केलं, माझ्या कानाचं काय झालं होतं, प्रयोग कुठे चुकला. दहापैकी दहा वेळा तुम्ही बरोबर होता. दोन्हीत पाणी होतं. तुम्ही म्हणालाही होता तसं, आणि मी होऊ शकत नाही म्हणालो. सांगताना मला जाणवलं की मी पुन्हा समजावूनच सांगतोय.

त्या काड्या वेचत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला वाटलं, माझंच डोस्कं गेलं. बरीच वर्सं वाटलं." सूप एकदा पाखडून म्हणाल्या, "ती सीडी म्या परत लावली न्हाई. एकदाबी न्हाई. पोरीला कशाला परत परत पान्यात घालायचं."



आणि मग त्यांचे हात थांबले. त्यांनी वर पाहिलं. डोळ्यांत एक उजेड होता. वीस वर्षांपूर्वी कोरडी बी हाय, असं विचारताना होता तो.

"मंजी कॅसेट बरूबर हुती. ती कोरडीच हुती की, गुरुजी. शाळंच्या कपाटात हाय न्हवं? आता आनून दावा मला. कुनाचा तरी टेप मागू."

शेडवरच्या पत्र्याला वारा लागत होता. यंत्रामुळे मला तो स्पष्ट ऐकू येत होता.

मी सांगितलं. कपाट, संगणक, साळुंक्या, मेथीचे वाफे. काही लपवलं नाही. सांगून झाल्यावरही त्या माझ्याकडेच बघत होत्या, जणू अजून काहीतरी राहिलंय आणि ते मी विसरलोय.

"कुठल्या वाफ्यावर?" त्यांनी विचारलं.

"ते नाही सांगता येणार. सगळ्या एकात एक होत्या."

त्यांनी सूप मांडीवर ओढलं. एक काडी उचलली, बाजूला टाकली. दुसरी उचलली.

"वाऱ्यानं वाजायच्या का?"

"वाजायच्या."

"पानी हुतं का त्यात?"

"नाही," मी म्हणालो. "कोरडा आवाज होता."